लंडन ते डार्विन : फक्त १९ दिवस!

लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला आज थेट विमान जातं. अंतर साधारण साडेचौदा हजार किलोमीटर, वेळ जवळपास १७ तास. दोन-तीन सिनेमे, दोनदा जेवण, एक झोप की पोचलात! आता समजा, लंडनहून ऑस्ट्रेलिया गाठायला तुम्हाला १९ दिवस लागणार आहेत. विमानाला छप्पर नाही, रेडिओ नाही आणि आत तुम्ही एकटेच. जाल? १९३० मध्ये एमी जॉन्सन गेली. तेव्हा ती २६ वर्षांची होती.

एमी इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावची. घरचा धंदा मासळीचा. शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्र शिकली आणि नोकरी लागली लंडनच्या वकिलांच्या ऑफिसात, सेक्रेटरीची. डिग्री एका विषयाची, काम भलतंच. ओळखीचं वाटतंय ना? ही नोकरी सांभाळून ती विमान चालवायला शिकली. १९२९ मध्ये पायलटचं लायसन्स मिळालं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. हँगरमध्ये हात काळे करत इंजिन खोलायला, जोडायला शिकली आणि त्याच वर्षी ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळवणारी पहिली ब्रिटिश महिला ठरली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वडील आणि तेल उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड यांनी पैसे घातले आणि सेकंडहँड ‘जिप्सी मॉथ’ विमान आलं. नाव ठेवलं ‘जेसन’. तोवरचं तिचं सगळ्यात लांबचं उड्डाण होतं लंडन ते हल!

५ मे १९३० ला ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाली. मोडायचा होता बर्ट हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा रेकॉर्ड. बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरवलं. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीत होती, हिंकलरपेक्षा दोन दिवस आधी. पुढे पेट्रोल संपत आलं म्हणून झाशीला थेट लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरावं लागलं. मग कलकत्ता. त्यानंतर रंगूनजवळ धो धो पावसात ती एका फुटबॉलच्या मैदानात उतरली आणि विमान खड्ड्यात गेलं. पंख फाटला, प्रॉपेलर मोडला. सोबत जादा प्रॉपेलर होता, मदतीला तिथली माणसं धावली आणि दुरुस्ती काय करायची हे एमीला पक्कं ठाऊक होतं. विमान पुन्हा उडालं, पण रेकॉर्ड हातचा गेला.

तिने प्रवास मात्र सोडला नाही. सुमारे १८ हजार किलोमीटर कापून २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडणारी पहिली महिला!

पुढे टोकियो झालं, केपटाउन झालं. दुसऱ्या महायुद्धात ती हवाई दलाची विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवायची. ५ जानेवारी १९४१ ला ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळाकडे निघाली. अंतर ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्येच. पण खराब हवेत ती भरकटली आणि थेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात पडली. तिचा मृतदेह कधीच सापडला नाही. वय होतं अवघं ३७.

‘जेसन’ आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. कधी गेलात तर नक्की बघा. आणि सिलॅबसबाहेरचं काही शिकायला कंटाळा आला, तर रंगूनचं ते फुटबॉलचं मैदान आठवा.