हार्वी कुशिंग

हार्वी विल्यम्स कुशिंग (८ एप्रिल १८६९ – ७ ऑक्टोबर १९३९) हे अमेरिकन मेंदू-शल्यविशारद व वैद्यकीय लेखक होते. आधुनिक मेंदूशस्त्रक्रियेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या विकारांवरील त्यांच्या संशोधनाने अंतःस्रावी ग्रंथींच्या अर्बुदांच्या अभ्यासाला दिशा दिली.

प्रारंभिक जीवन

कुशिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे डॉक्टरांच्या घराण्यात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. येल येथून पदवी घेतल्यावर १८९५ मध्ये त्यांनी हार्वर्ड येथून वैद्यकीय पदवी संपादन केली. पुढे बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांच्या हाताखाली त्यांनी शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतले. १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे पाहिलेले रीव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक त्यांनी अमेरिकेत प्रचारात आणले.

कारकीर्द

१९१२ मध्ये त्यांचा पोष ग्रंथी व तिच्या विकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९३२ पर्यंत ते बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात प्रमुख शल्यविशारद होते. त्यांच्या काटेकोर शस्त्रक्रियापद्धतीमुळे मेंदूच्या अर्बुदांवरील शस्त्रक्रियांतील मृत्यूंचे प्रमाण १० टक्क्यांखाली आले. जून १९२६ मध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात मरण पावल्याची वार्ता मिळूनही त्यांनी त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. त्याच वर्षी विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले.

अंतःस्रावी अर्बुदांचा अभ्यास

१९३२ मध्ये कुशिंग यांनी १२ रुग्णांची एकत्रित मांडणी केली. चेहरा व धड स्थूल होणे, त्वचेवर जांभळे पट्टे उमटणे, रक्तदाब वाढणे आणि हाडे ठिसूळ होणे ही त्यांची लक्षणे होती. या सर्वांचे मूळ पोष ग्रंथीतील लहानशा अर्बुदात असावे, असे अनुमान त्यांनी काढले. सर्वच रुग्णांत अर्बुद आढळले नसल्याने आणि अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदांतही तशीच लक्षणे दिसत असल्याने या अनुमानाबद्दल शंका घेतली गेली. पोष ग्रंथीतील संप्रेरक अधिवृक्क ग्रंथीला उद्दीपित करून कॉर्टिसॉल वाढवते, हे पुढे सिद्ध झाले व दोन्ही निरीक्षणांचा मेळ बसला.

तत्पूर्वी १९२७ मध्ये लिओ डेव्हिडॉफ यांच्यासह त्यांनी ॲक्रोमेगॅलीच्या रुग्णांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांपैकी एका रुग्णात पोष, परावटु व स्वादुपिंड या तीनही ग्रंथींत अर्बुदे आढळली होती. अशी अर्बुदे एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या उतरू शकतात, हे पॉल वर्मर यांनी १९५४ मध्ये दाखवले. हा लक्षणसमूह आज ‘मेन-१’ या नावाने ओळखला जातो. त्यास कारणीभूत असलेले ११ व्या गुणसूत्रावरील जनुक १९९७ मध्ये ओळखले गेले. सदोष जनुक असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे नातेवाइकांची वेळीच तपासणी महत्त्वाची ठरते. कुशिंग यांच्या नावाचा विकार बहुधा आनुवंशिक नसतो, तथापि मेन-१ व कार्नी संकुल यांसारख्या लक्षणसमूहांचा तो भाग असू शकतो.

निधन व वारसा

१९३३ पासून कुशिंग येल विद्यापीठात प्राध्यापक होते. हृदयविकाराच्या झटक्याने न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक निरुपद्रवी गाठ आढळली. त्यांचा ग्रंथसंग्रह, रुग्णनोंदी व जतन केलेले मेंदूंचे नमुने येल विद्यापीठात आहेत.