सर विश्वेश्वरय्या आणि मुसी नदी

आमच्या हैदराबादेतील जुन्या घराण्यांतून १९०८ च्या तुगियानीची हकीकत अद्यापि सांगितली जाते. त्या वर्षी २८ सप्टेंबर रोजी मुसीला असा महापूर आला की नदीकाठच्या वस्त्याच्या वस्त्या धुऊन गेल्या आणि सुमारे पंधरा हजार मनुष्ये प्राणांस मुकली. अफजलगंजातील एका विशाल चिंचेच्या आश्रयाने दीडशेच्या आसपास लोक वाचले म्हणतात. तत्कालीन निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीतीरी जाऊन तिची पूजा केली, अशीही आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यानंतर त्यांच्या सरकारने जे केले ते मात्र कागदोपत्री नोंदलेले आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नामक स्थापत्यज्ञास त्यांनी पाचारण केले.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. परंतु त्यांचे छत्र लवकर हरपले. बंगळूरला मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी १८८१ साली बी. ए. ची पदवी मिळविली. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत अग्रक्रमाने उत्तीर्ण झाले. दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. आरंभ नाशिक व खानदेशात झाला, आणि पुढील चोवीस वर्षे बहुतांश मराठी मुलखात गेली. म्हणूनच आम्हांस ते कधी परके वाटले नाहीत.

पुण्याजवळील खडकवासल्याच्या धरणावरून दर पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई. धरणाची भिंत उंचावणे खर्चाचे व जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे योजिले. पाणी ठराविक पातळीपर्यंत अडून राही. त्यावर चढू लागले की दरवाजे आपणहून उघडत आणि पाणी उतरले की पुन्हा मिटत. १९०३ च्या सुमारास ते बसविण्यात आले व साठा मोठ्या प्रमाणात वाढला. या शोधाचे एकस्व त्यांच्या नावे होते. परंतु ज्या सरकारची आपण चाकरी करतो त्याच्याकडून स्वामित्वधन घेणे त्यांस प्रशस्त वाटले नाही.

नीरा कालव्यावरील काम याहून नाजूक होते. तेथे पाण्याचा प्रश्न माणसांच्या स्वभावाशी येऊन भिडला होता. कालव्याच्या वरच्या अंगाचे बागाईतदार उसाला अमाप पाणी देत. जमिनी पाणथळ होत आणि खालच्या गावांस टंचाई भासे. विश्वेश्वरय्यांनी शेतांचे गट पाडून पाळीपाळीने पिके घ्यावीत व पाणी मोजून द्यावे, अशी पद्धत सुचविली. शेतकरी रागावले, वृत्तपत्रांतूनही टीका झाली. त्यांनी स्वतः गावोगावच्या लोकांशी बोलून त्यांची समजूत घातली. सरकारी अधिकाऱ्याने असे करणे त्या काळी दुर्मिळच म्हणावे लागेल!

मुख्य अभियंत्याचे पद हिंदी माणसाला मिळण्याची आशा नव्हती. त्यांनी १९०८ साली नोकरी सोडली व ते युरोपच्या प्रवासास गेले. तेथेच त्यांस निजाम सरकारचे बोलावणे आले. १९०९ च्या एप्रिलात ते येथे दाखल झाले.

पूर का आला, याचे त्यांनी दिलेले उत्तर ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी मुसीच्या खोऱ्यातील पर्जन्यमानाच्या नोंदी जमविल्या, पुराच्या पाण्याच्या खुणा मापल्या आणि तलावांची गणती केली. खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर कोसळे, तोही फुटे, आणि अशा रीतीने ओढ्याओढ्यातून वाढत आलेला लोंढा नगरावर चालून आला. पाऊस एकटा दोषी नव्हता. यावर त्यांनी नगराच्या वरच्या अंगास मुसी व ईसी या दोन्ही नद्यांवर एकेक मोठा जलाशय बांधण्याची शिफारस केली. पुराचे पाणी तेथे अडवून सावकाश सोडावयाचे आणि तेच नगरास पिण्यासही पुरवावयाचे, असा दुहेरी हेतू होता. नदीकाठी तटबंदी व उद्याने आणि नगरात भुयारी गटारे, हीही सूचना होती. खर्च थोडाथोडका नव्हता, आणि तो कधी येईल ठाऊक नसलेल्या पुरासाठी करावयाचा होता. तरी सरकारने तो केला. महबूब अली खान १९११ साली वारले. त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला.

विश्वेश्वरय्या तोवर म्हैसूरला मुख्य अभियंता व १९१२ पासून दिवाण झाले होते. कावेरीवरील कृष्णराजसागराच्या वेळी संस्थानच्या अर्थखात्याने खर्चास हरकत घेतली. महाराजांनी १९११ साली मंजुरी दिली. मद्रास सरकारने कमी उंचीस संमती दिली असता त्यांनी पाया मात्र भावी उंचीस पेलेल एवढा रुंद घातला. १९१८ साली त्यांनी दिवाणगिरी सोडली. नंतरही हैदराबादच्या कामासाठी ते येथे येऊन गेले. १९५५ साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला आणि १९६२ च्या एप्रिलात, शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

त्यांच्या सूचनेतून उभ्या राहिलेल्या जलाशयांची पुढील कथा आम्हां नगरवासीयांची आहे. १९९६ साली आंध्र सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढून दोन्ही तलावांभोवती दहा किलोमीटरांच्या टापूत, ८४ गावांतून, प्रदूषक कारखाने व मोठ्या वसाहतींस बंदी केली. तलावात येणारे पाणी निर्मळ राहावे व त्याची वाट मोकळी राहावी, हा उद्देश होता. २०२२ च्या एप्रिलात तेलंगण सरकारने ते निर्बंध उठविण्याचा आदेश काढला. जमिनीचे भाव गोठले म्हणून तेथील गावकऱ्यांची तक्रार होती, ती अगदीच निराधार नव्हती. पण तलाव कोरडा पडला वा गढूळ झाला तर त्याचा भाव कोण ठरविणार, हे आम्हांस कळत नाही. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०२० च्या ऑक्टोबरात, अतिवृष्टीमुळे हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले होते आणि नगरातील कित्येक वस्त्यांत पाणी शिरले होते. त्या रात्री आमच्या ओळखीच्या अनेक कुटुंबांनी सामान माडीवर चढविले, आणि घरातील वृद्ध मंडळी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली तुगियानी पुन्हा सांगू लागली.