भाऊ दाजींचे संकल्प

जानेवारीच्या पहिल्या रविवारी शब्बाथशाळेत चिठ्ठ्या लिहून घेण्याचा परिपाठ आमच्या मंडळीत फार दिवसांचा आहे. वर्षभर काय करणार ते प्रत्येकाने लिहावयाचे, चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकावयाची, आणि नाताळच्या आदल्या रविवारी डबा उघडावयाचा. डबा उघडला म्हणजे मुले हसतात आणि शिक्षक ओशाळतात, कारण शिक्षकांच्याही चिठ्ठ्या त्यात असतात. गेल्या खेपेस आमचीही निघाली. तीत काय लिहिले होते ते येथे सांगत नाही. ते फेब्रुवारीपर्यंत टिकले, एवढे पुरे.

हाती घेतलेले काम वर्षानुवर्षे न सोडणारी माणसे काय निराळे करतात हे पाहावे म्हणून आम्ही काही चरित्रे चाळली. त्यांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे चरित्र मनात राहिले. त्यांचे पुष्कळ संकल्प सिद्धीस गेले. एक मात्र, बहुधा त्यांच्या मनात सर्वांत मोठा असलेला, त्यांच्याबरोबर संपला. आम्हांस त्या एकाविषयीच अधिक विचार करावासा वाटला.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुलांची सहल घेऊन गेलेल्या शिक्षकांनी तेथील जुने वस्तुसंग्रहालय पाहिलेच असेल. त्यास ज्यांचे नाव आहे ते हे भाऊ दाजी. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड, जन्म १८२२ सालचा, गाव पेडणे तालुक्यातील मांद्रे. पेडणे, डिचोली, सत्तरी हा मुलूख पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस आला, म्हणून त्यास नव्या काबिजादी म्हणत. तेथल्या मुलाला पुढे शिकायचे असेल तर मुंबईची वाट धरावी लागे. भाऊंच्या मागून अर्धशतकाने, १८७७ साली, डिचोलीत जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, हेही त्याच वाटेने गेले आणि मुंबईस पोटासाठी नोकरी करीत जन्मभर कोकणीसाठी लिहीत राहिले. त्या मातीत चिकाटीचा काही गुण असावा असे आम्हांस उगीचच वाटते.

भाऊ लहानपणी बुद्धिबळ फार छान खेळत. त्यांचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांस सुचविले की ह्या मुलास इंग्रजी शिकवा. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाले आणि तेथेच साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. काठेवाड व कच्छमधील बालहत्येच्या दुष्ट चालीवर निबंध लिहून त्यांनी बक्षीसही मिळविले. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. पण १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, आणि विशीतला हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर जाऊन बसला! मिळत असलेली जागा सोडून सहा वर्षे शिकायचे ही लहान गोष्ट नव्हे. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्या कॉलेजच्या पहिल्या तुकडीत ते होते. पुढे त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले आणि दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत ह्या माणसाने किती कामे अंगावर घेतली ते पाहून छाती दडपते. १८५२ साली बाँबे असोसिएशन स्थापन झाली, तिचे ते एक चिटणीस. मुलींच्या शाळा चालविणाऱ्या स्टुडंट्स सोसायटीचे ते पहिले हिंदी अध्यक्ष. विद्यापीठाचे फेलो. दोनदा मुंबईचे शेरीफ. ह्यांतील पुष्कळ कामे मानाची होती, ती आम्ही बाजूस ठेवतो. खरी चिकाटी दिसते ती दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण ते वस्तुसंग्रहालय. १८५७ च्या धामधुमीत कोटातील जुन्या संग्रहाची वाताहत झाली. नवा संग्रह उभारावा म्हणून १८५८ साली समिती नेमली गेली. तीत भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड ही मंडळी होती. वर्गणी जमली, १८६२ साली कोनशिला बसली. मग अमेरिकेतील युद्ध थांबले, १८६५ साली कापसाचा भाव कोसळला, आणि शेअरच्या सट्ट्यात अर्धी मुंबई बुडाली. भाऊंनाही मोठी खोट आली. त्याच वर्षी शंकरशेट वारले. इमारतीचे काम रखडले, शेवटी सरकारला पैसा घालावा लागला. दरवाजे उघडले ते १८७२ साली. समिती नेमल्यापासून चौदा वर्षे झाली होती.

दुसरे ठिकाण जुने लेख व पोथ्या. दिवसभर रोगी तपासून हा डॉक्टर अजिंठ्याचे शिलालेख लावीत बसे, गावोगाव माणसे पाठवून पोथ्या जमवी. आर्यभट हा ज्योतिषी कोणत्या काळचा ह्याविषयी विद्वानांत गोंधळ होता, कारण त्याच नावाच्या दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्या माथी मारलेला होता. भाऊंनी केरळातून खऱ्या ग्रंथाच्या पोथ्या मिळविल्या. आपण तेवीस वर्षांचे असताना कलियुगाची ३६०० वर्षे झाली होती, असे आर्यभटाने स्वतःच नोंदून ठेवले आहे. त्यावरून त्याचा जन्म इ.स. ४७६ चा ठरला. हा निबंध प्रसिद्ध झाला तोही १८६५ सालीच, म्हणजे पैसा बुडाला त्याच वर्षी.

हे त्यांना कसे साधले? आमच्या मते त्यांची कामे एकट्याच्या मनात राहिली नाहीत. समितीची बैठक ठरलेल्या दिवशी भरे, एशियाटिक सोसायटीत निबंध वाचावयाचा असे, सोबती विचारीत. मन कंटाळले तरी दिवस काही टळत नसे.

आता तो एक संकल्प. महारोगावर औषध शोधावयाचे, असे भाऊ दाजींनी मनात धरले होते. ज्यांना घरचे शिवत नसत असे लोक त्यांच्याकडे येत आणि कित्येकांस गुणही येई. त्यांचे नाव त्यामुळे दूरवर गेले. पण औषध कोणते हे त्यांनी सांगितले नाही. पूर्ण खात्री झाल्यावाचून जगापुढे मांडावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता असे त्यांच्या बाजूने सांगतात. इतर डॉक्टरांस हे रुचले नाही, आणि त्यांचे चुकले असे आम्हांस म्हणवत नाही. शेवटी आजारपण आले आणि १८७४ च्या मे महिन्यात भाऊ वारले.

ते औषध म्हणजे आपल्या कोकण-गोव्याच्या रानांत होणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल होते, हे मागाहून कळले. त्याच कुळातील चौलमोगऱ्याच्या तेलाविषयी कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १८५४ सालीच लिहिले होते, तेव्हा भाऊंच्या मौनामुळे जगाचे औषध अडले असे नव्हे. ही तेले पुढे १९४० नंतर नवी औषधे येईपर्यंत देशोदेशी वापरली गेली. अडले ते भाऊंचे स्वतःचे काम. कोणाला किती मात्रा, किती महिने, कोणाला गुण आला आणि कोणाला नाही, ह्या अनुभवाचा धागा त्यांच्यामागे कोणी पुढे नेला नाही.

त्याच १८७४ साली आयर्लंडमध्ये वेल्स्ली बेली नावाचे गृहस्थ आपल्या पत्नीसह रजेवर आले होते. पंजाबात पाहिलेल्या महारोग्यांची हकीगत त्यांनी काही मैत्रिणींच्या घरी बसून सांगितली. त्या बायकांनी वर्षाला तीस पौंड जमविण्याचे कबूल केले आणि ते चारचौघांत बोलून दाखविले. पहिल्याच वर्षी सुमारे सहाशे पौंड जमले. बेली काही डॉक्टर नव्हते, भाऊंच्या विद्येचा दहावा हिस्साही त्यांच्यापाशी नव्हता. तरी त्या बैठकीतून निघालेली महारोग्यांची मिशन अजून चालू आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातील कोठाऱ्याचे रुग्णालय पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल.

राणीच्या बागेतील संग्रहालयास भाऊ दाजींचे नाव १९७५ साली देण्यात आले. त्यांनी जमविलेल्या पोथ्या एशियाटिक सोसायटीत आहेत.

ह्या जानेवारीत आमच्या शब्बाथशाळेत डबा ठेवलेला नाही. चिठ्ठ्या दाराजवळच्या फळ्यावर टाचल्या आहेत, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणाचे कुठवर आले ते मुलेच विचारतात. आमची चिठ्ठी वरून तिसरी आहे. मार्चमध्ये एका सात वर्षांच्या मुलीने तिच्यापुढे उभे राहून ती मोठ्याने वाचली आणि आमच्याकडे पाहिले.