कलाभवनाचे आचार्य : प्रो. गज्जर

प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरत येथे एका सुतार कुटुंबात झाला. घरी रंधा व करवत, महाविद्यालयात परीक्षानळी. या दोहोंत उच्चनीच भेद त्यांनी कधी मानला नाही. त्यांच्या चरित्राचे मर्म आमच्या मते येथेच आहे.

मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्ययन करून ते १८८६ साली बडोदे कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या सुमारास गुजराथेतील रंगाऱ्यांवर मोठे संकट कोसळले होते. पिढ्यान्‌पिढ्या आलीच्या मुळांपासून ते लाल रंग काढीत. आता डांबरापासून बनविलेला जर्मन अलिझरीन स्वस्तात बाजारात आला होता. तो वापरावा कसा, हे सांगणारे कोणी नव्हते. गज्जरांनी या परक्या रंगाचा तिरस्कार केला नाही. तुरटीने संस्कारलेल्या सुतावर अलिझरीन लाल चढतो, लोहक्षाराने संस्कारलेल्यावर जांभळा वा काळा. पाण्यात चुन्याचा अंश नसेल तर लाल रंग खुलत नाही. तुरटी तर आमच्या रंगाऱ्यांच्या हातातलीच होती! उणीव होती ती कार्यकारणभावाच्या ज्ञानाची. रंगाऱ्यांसाठी त्यांनी ‘रंगरहस्य’ नावाचे त्रैमासिकही चालविले.

१८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बडोद्यास कलाभवन स्थापन केले, त्याचे धुरीणत्व गज्जरांकडे आले. रंगकाम, यंत्रविद्या, वास्तुविद्या, चित्रकला हे विषय तेथे गुजरातीतून शिकविले जात. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही एवढ्यासाठी तो ज्ञानाला पारखा का व्हावा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी पाठ्यपुस्तके व परिभाषा सिद्ध करण्याचा खटाटोप त्यांनी आरंभिला. घरी कोकणी बोलणाऱ्या व शाळेत मराठीतून शिकविणाऱ्या आम्हांस या खटाटोपाची किंमत विशेष कळते. एका नेमक्या शब्दावाचून सबंध तास वाया गेल्याचा अनुभव आम्ही घेतला आहे.

याच कलाभवनात नाशिककडचा एक तरुण चित्रकला शिकत होता. त्याची आवड हेरून गज्जरांनी छायाचित्रणाची शाळा व प्रयोगशाळा त्याला मोकळी करून दिली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट निर्माण करणारे दादासाहेब फाळके ते हेच.

१८९६ साली गज्जर बडोदे सोडून मुंबईस गेले. त्याच वर्षी तेथील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास चाफेकर बंधूंनी डांबर फासले होते. तो डाग काही केल्या निघेना; अखेर गज्जरांनी तो काढला. डांबराच्या रंगांवर ज्याने विद्यार्थी घडविले, त्यालाच डांबर पुसण्यास बोलवावे लागले, हा योगायोग मौजेचा खरा. पिवळ्या पडलेल्या मोत्यांना पुन्हा शुभ्र करण्याची विद्याही त्यांनी साधली होती.

त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासमवेत १९०७ साली ‘अलेंबिक’ हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. १९२० साली गज्जर निवर्तले. कलाभवन पुढे १९४९ साली बडोद्याच्या नव्या विद्यापीठात विलीन झाले आणि त्याच्या अभियांत्रिकी शाखेचे बीज ठरले.