आधी आपल्या अंगठ्यावर : संत सेना महाराज



आजच्या वाचनात कठोपनिषदाच्या पहिल्या अध्यायाची तिसरी वल्ली होती. यमराज नचिकेताला सांगतात की आत्मज्ञानाची वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी आहे, चालायला फार अवघड. हा दाखला आपण इतक्यांदा ऐकलाय की वस्तरा काही डोळ्यांपुढे येत नाही. येणार तरी कसा? सलूनमधला दादा ब्लेड कागदातून काढतो, मधोमध मोडतो, अर्धं पातं वस्तऱ्यात अडकवतो आणि काम सुरू. धार बघायची गरजच उरलेली नाही. म्हणून आज ज्यांचं सगळं आयुष्य खऱ्या वस्तऱ्यासोबत गेलं, त्या संत सेना महाराजांचं चरित्र आठवूया.

सेना महाराज न्हावी. त्यांचा काळ साधारण १४व्या-१५व्या शतकातला मानतात. उत्तरेकडच्या परंपरेत ते बांधवगडच्या राजाकडे चाकरीला होते आणि स्वामी रामानंदांच्या शिष्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. नाभादासांच्या भक्तमाळेत ते आहेत. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात धनाश्री रागात त्यांचं एक पद आहे, तिथे त्यांना भगत सैण म्हणतात. आणि आपल्या वारकऱ्यांसाठी ते पंढरीच्या विठोबाचे लाडके, मराठी अभंग रचणारे सेना न्हावी. महिपतींनी शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली भक्तविजय पूर्ण केला, त्यातही त्यांची कथा आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांना हा एक माणूस आपला वाटला, हेच केवढं मोठं!

त्यांचा धंदा नीट समजून घेतला तर पुढची गोष्ट जास्त कळते. न्हाव्याच्या पिशवीला धोकटी म्हणतात. तिच्यात वस्तरा, कात्री, आरसा, चिमटा, नखं काढायची नराणी, वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. वस्तरा वापरला की त्याच्या धारेची कड जराशी वाकते, डोळ्यांना दिसतही नाही. चामड्यावर फिरवला की ती सरळ होते. फिरवताना वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवायची, नाहीतर चामडंही कापतं आणि धारही जाते. फारच बोथट झाला तर मग दगड.

आणि त्यानंतर, गिऱ्हाइकाच्या गालाला लावायच्या आधी, परीक्षा. न्हावी अंगठ्याचा मऊ भाग धारेवर आडवा टेकवतो, अगदी हलकेच. धारेच्या लांबीने अंगठा ओढायचा नाही, ओढला की रक्त आलंच. धार चांगली असेल तर ती कातडीला किंचित धरून ठेवते. बोथट असेल तर अंगठा सरकन घसरतो. काहीजण डोक्याचा एक केस उपटून धारेला लावून बघतात. न ओढता तुटला तर वस्तरा तयार. एरवी आपल्याला वाटतं की धारदार वस्तरा धोक्याचा. खरं तर बोथट जास्त वाईट. तो चालत नाही म्हणून हात जोर लावतो, आणि जोर लावला की कापतं.

आता भक्तविजयातली गोष्ट.

सेना महाराजांचा नेम होता, पहाटे स्नान आणि पूजा, मगच कामाला बाहेर. एके दिवशी पूजेत बसलेले असताना राजाचं बोलावणं आलं. पूजा अर्ध्यावर सोडायची नाही म्हणून घरात नाहीत असा निरोप त्यांनी बायकोकडून द्यायला लावला. पुन्हा बोलावणं, पुन्हा तोच निरोप. शेजाऱ्याने जाऊन राजाला सांगून टाकलं की सेना घरातच देवापुढे बसलाय. राजा भडकला. याची मोट बांधून नदीत टाका, असा हुकूम सुटला.

तेवढ्यात सेना धोकटी घेऊन दरबारात हजर झाले. म्हणजे राजाला ते सेनाच वाटले. खरे सेना घरी ध्यानात होते, आलेला पांडुरंग होता.

इथे मी दरवेळी थांबते. थोड्या वेळापूर्वी ज्याने बुडवून मारायचा हुकूम दिला, तोच राजा आता मान त्याच्या हाती देऊन बसलाय. हातात वस्तरा आहे, समोर उघडा गळा आहे. पोथीत लिहिलेलं नाही, पण मला वाटतं देवानेही त्या दिवशी आधी आपल्या अंगठ्यावर धार पाहिली असेल. न्हाव्याचं काम घेतलं म्हणजे सगळंच घेतलं. राजाला ओरखडासुद्धा उठला नाही. उलट त्या हाताच्या स्पर्शाने त्याचा राग निवला. तेलाच्या वाटीत त्याला चतुर्भुज रूप दिसलं आणि तो भान विसरला. खूश होऊन त्याने मोहरा दिल्या. देवाने त्या धोकटीत टाकल्या, धोकटी घरी नेऊन ठेवली आणि तो गेला.

नंतर राजाने सेनांना परत बोलावलं आणि तीच वाटी पुढे केली. आता तिच्यात काहीच दिसेना. सेना महाराजांना कळायचं ते कळलं. धोकटीत मोहरा सापडल्या, त्या त्यांनी वाटून टाकल्या. देव माझ्यासाठी आला म्हणून ते मिरवत बसले नाहीत. आपल्यासाठी देवाला धोकटी उचलावी लागली, याचंच त्यांना वाईट वाटलं.

पुढे त्यांनी आपल्या धंद्यातली हत्यारंच अभंगात आणली आणि हजामतीचं काम परमार्थाचं करून टाकलं. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते.

मंडळी, आता माझं सांगते. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर एका ज्युनिअरची चूक मी सगळ्यांसमोर काढली. चूक खरी होती, माझे शब्दही अचूक होते. पण ते आधी स्वतःला लावून बघितले नव्हते. त्याच्या जागी मी असते तर? तो दिवसभर गप्प होता. संध्याकाळी मी माफी मागितली, तो ठीक आहे म्हणाला, पण ओरखडा राहिलाच.

खरं बोलायला धार हवीच. बोथट, गुळमुळीत बोलून कुणाचं भलं होत नाही, आणि शेवटी आपणच वैतागून जोर लावतो. पण ती धार आधी आपल्या कातडीवर बघायची, तीही हलक्या हाताने. त्या उपनिषदातल्या वाटेवर चालणं मला तरी इथूनच सुरू होताना दिसतं.

आपण मेसेज अंगठ्यानेच टाइप करतो ना? आज एकच नेम करूया. टोचेल असं काही लिहिलं की पाठवायच्या आधी ते एकदा स्वतःला उद्देशून वाचायचं. मग ठरवायचं.

सेना महाराज की जय. उद्या पुढची वल्ली वाचू. रामकृष्णहरि!