वेगाचा उपासक : फ्रँक लॉकहार्ट

३१ मे १९२६ चा दिवस. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील शर्यतीच्या मैदानावर प्रेक्षकांची अलोट गर्दी लोटली होती. विटांनी बांधलेल्या अडीच मैलांच्या मार्गाला २०० फेऱ्या घालून ५०० मैल प्रथम पुरे करणारा विजयी, असा तेथील नियम होता. निमुळत्या बांध्याच्या, उघड्या चाकांच्या, एकट्या चालकापुरत्या २८ मोटारी सज्ज झाल्या होत्या. त्यांपैकी विसाव्या जागेवरील मोटारीत २३ वर्षांचा एक तरुण बसला होता. तोच फ्रँक लॉकहार्ट.

फ्रँकचा जन्म १९०३ साली ओहायओ राज्यातील डेटन गावी झाला. बालपणीच तो कॅलिफोर्नियात आला. महाविद्यालयीन शिक्षण त्याला लाभले नाही. परंतु यंत्रांचे त्याला विलक्षण वेड होते. तेथील मातीच्या मार्गांवरील शर्यतींत त्याने नाव मिळविले. इंडियानापोलिसला मात्र तो केवळ बदली चालक म्हणून आला होता. पीटर क्राइस नावाचा चालक आजारी पडला आणि त्याची मोटार फ्रँकच्या हाती आली.

शर्यत सुरू होताच हा नवखा चालक एकामागून एक मोटारी मागे टाकीत पुढे सरकला. मध्येच पाऊस कोसळला व शर्यत काही काळ थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाल्यावर फ्रँकने आपली आघाडी वाढवीत नेली. पुन्हा पाऊस आल्याने ४०० मैलांवरच शर्यत संपविण्यात आली. त्या वेळी दुसऱ्या क्रमांकाचा चालक फ्रँकच्या दोन फेऱ्या, म्हणजे पाच मैल, मागे होता! पहिल्याच प्रयत्नात मिळालेल्या या यशाने त्याची कीर्ती देशभर पसरली.

या विजयाने तो संतुष्ट राहिला नाही. त्याने ती मोटार विकत घेतली व तिच्यात सुधारणा आरंभिली. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. दाबलेली हवा तापते. फ्रँकच्या एंजिनातही हवा दाबूनच भरली जात असे. पण तापलेली हवा विरळ होते आणि एंजिनाची शक्ती घटते. ही हवा वाटेतच थंड केली तर? वायझेल बंधूंच्या साहाय्याने त्याने तशी योजना सिद्ध केली. अवघ्या दीड लिटर मापाच्या एंजिनावर त्याने १९२७ साली ताशी १६४ मैलांचा सरासरी वेग गाठला.

आता जमिनीवरील सर्वाधिक वेगाचा विक्रम त्याला खुणावू लागला. दोन लहान एंजिने जोडून त्याने तीन लिटरचे एंजिन सिद्ध केले व ते एका नव्या मोटारीत बसविले. त्याचा प्रतिस्पर्धी रे कीच याच्या मोटारीत विमानाची तीन प्रचंड एंजिने होती. त्यांचे माप ८० लिटरांहून अधिक होते. एकीकडे अफाट बळ, तर दुसरीकडे बुद्धी, असा तो सामना होता.

फेब्रुवारी १९२८ मध्ये डेटोना येथील समुद्रकिनाऱ्यावर, पावसाळी हवेत, फ्रँकची मोटार उलटून समुद्रात गेली. लोकांनी पाण्यात धावून त्याला वाचविले. मोटार दुरुस्त करून दोन महिन्यांनी तो पुन्हा तेथेच आला. कीचने तीन दिवसांपूर्वी ताशी २०७ मैलांचा विक्रम केला होता. २५ एप्रिल रोजी फ्रँकची मोटार ताशी २०० मैलांच्या घरात धावत असता मागचे टायर फुटले. फ्रँक बाहेर फेकला गेला आणि गतप्राण झाला. त्या वेळी तो अवघा २५ वर्षांचा होता.

तो विक्रम त्याला लाभला नाही. परंतु दाबलेली हवा थंड करून एंजिनाची शक्ती वाढविण्याची युक्ती आज जगभरच्या असंख्य मोटारींत व मालट्रकांत वापरली जाते. अचानक आलेल्या संधीने फ्रँकला विजयाचा मान दिला. त्याचे नाव मात्र चिंतनाने आणि परिश्रमाने टिकून राहिले.