काशीचा शास्त्री आणि त्याचाच पूर्वपक्ष

आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांची एक फार चांगली रीत होती. ग्रंथकाराने स्वतःचे मत मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, आणि तेही प्रतिपक्षाने स्वतः मांडले असते तितक्याच ताकदीने. याला पूर्वपक्ष म्हणत. मग त्यातला एकेक मुद्दा तपासत, खोडत, आपला सिद्धांत उभा करायचा. समोरच्याचे म्हणणे दुबळे करून सांगणारा पंडित विद्वानांच्या सभेत हसे करून घेई. एकोणिसाव्या शतकात काशीमध्ये एक मराठी शास्त्री असा होऊन गेला, की त्याच्या आयुष्यात पूर्वपक्षही त्याचाच होता आणि उत्तरपक्षही त्याचाच. विशीच्या उंबरठ्यावर त्याने ख्रिस्ती धर्माचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ रचला. पस्तिसाव्या वर्षी त्याच लेखणीने षड्दर्शनांचे खंडन करून ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडली. त्याचे नाव नीलकंठशास्त्री गोरे, पुढचे फादर नहेम्या गोरे.

नीलकंठशास्त्र्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. घराणे चित्पावन. पेशवाईच्या काळात मराठी माणसे बुंदेलखंडापर्यंत पोचली, त्यांपैकीच हे एक. बाजीराव आणि मस्तानीच्या वंशातल्या बांद्याच्या नवाबांच्या पदरी या घराण्यातले वडीलधारे मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे कुटुंब काशीत स्थायिक झाले. घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती आणि विद्येची ओढही होती. काशीत त्या काळी मराठी शास्त्र्यांची मोठी वस्ती होती आणि तिचा दबदबाही होता. तिथेच नीलकंठांचे व्याकरण आणि न्यायशास्त्राचे अध्ययन झाले.

न्यायशास्त्र म्हणजे प्रमाणांचा विचार. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून म्हणायचे, अनुमानात दोष कुठे शिरतो, युक्तिवाद कुठे लंगडा पडतो, याचे ते शास्त्र. ज्याला लहानपणी हे बाळकडू मिळाले, त्याला पुढे कोणतीही गोष्ट नुसती मानून चालता येत नाही. याची चुणूक लवकरच दिसली. घराणे शिवभक्तांचे असताना हा मुलगा ऐन तारुण्यात विष्णुभक्तीकडे वळला. घरातला देव घरातला म्हणून पुजायचा, हे त्याच्या स्वभावात बसत नव्हते.

त्याच सुमारास एक संस्कृत पुस्तक पंडितांच्या हाती फिरत होते. जॉन म्यूर हे कंपनी सरकारच्या नोकरीतले स्कॉटिश अधिकारी आणि संस्कृतचे चांगले जाणकार. त्यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. गुरुशिष्य-संवादाच्या रूपाने खरा धर्म कसा ओळखावा हे सांगायचे आणि त्या कसोट्यांना ख्रिस्ती धर्मच उतरतो असे दाखवायचे, हा त्याचा हेतू. देववाणीतच देवधर्मावर केलेला हा हल्ला पंडितांना झोंबला. सोमनाथ, हरचंद्र तर्कपंचानन आणि नीलकंठ गोरे अशा तिघांनी त्याला संस्कृतात उत्तरे दिली. तिघांत वयाने कोवळे आणि तर्काने तिखट उत्तर नीलकंठांचे होते. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे त्याचे नाव. १८४४-४५ च्या सुमाराचे हे लेखन.

त्यातले आक्षेप आजही कोणाही विचारी माणसाला सुचतील असे आहेत. ख्रिस्तावर विश्वास ठेवल्याशिवाय तरणोपाय नसेल, तर ज्यांच्या कानी ते नावच कधी गेले नाही, त्या कोट्यवधी जीवांचा काय दोष? पूर्वजन्म नसेल, तर जन्मतः आंधळे असलेले मूल कोणत्या पापाचे फळ भोगते? मुकी जनावरे कोणत्या न्यायाने यातना सोसतात? साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पापांसाठी न संपणारा नरक देणारा ईश्वर न्यायी कसा? आमचे नरक निदान भोगून संपतात, हा त्यातला मुद्दा होता. शिवाय बुद्धीला मर्यादा आहेत. शास्त्रावरच्या श्रद्धेचा आधार सोडला, तर नुसता तर्क माणसाला कुठेही घेऊन जाईल, असेही या तरुण नैयायिकाने बजावले होते. हे शेवटचे वाक्य पुढे त्यांच्याच आयुष्यात वेगळ्या अर्थाने परत यायचे होते.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ काशीत प्रचार करीत. त्यांना वादात गप्प करावे म्हणून नीलकंठ त्यांच्याकडे गेले. पण खंडन करायचे तर प्रतिपक्षाचा ग्रंथ नीट वाचायला हवा, हा शास्त्राचा दंडक. म्हणून त्यांनी बायबल वाचायला घेतले. खोडण्यासाठी वाचता वाचता ते त्यात गुंतत गेले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. तरीही निर्णय चटकन झाला नाही. वर्षामागून वर्षे गेली. मन पुढे जाई, मागे येई. अखेर १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून दूर, जौनपूरला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या हे नाव धारण केले.

या एका दिवसाची किंमत काय होती, हे आज आपल्याला नीटसे कळणार नाही. कुटुंब, जात, शिष्यमंडळ, काशीतला मान, सगळ्यावर पाणी सोडावे लागले. पैशाच्या मोहाने धर्म सोडला म्हणावे, तर घरी कशाचीच वाण नव्हती. साहेबाची मर्जी संपादायची होती म्हणावे, तर हा माणूस पुढे आयुष्यभर फकिरासारखा राहिला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या. पण १८५३ मध्ये मुलीला जन्म दिल्यावर थोड्याच काळात त्या वारल्या. ती तान्ही मुलगी, एलन लक्ष्मी, परक्यांच्या घरी आणि पुढे इंग्लंडात वाढली. मोठेपणी ती इंग्रजीत कविता लिहू लागली आणि मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात परतली. बापलेकींच्या वाट्याला एकत्र संसार असा आलाच नाही.

१८५४ मध्ये पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग इंग्लंडला निघाले. या पंधरा वर्षांच्या, नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या राजपुत्राबरोबर शिक्षक म्हणून नीलकंठशास्त्री गेले. राणीच्या दरबाराचा थाट त्यांनी पाहिला. ऑक्सफर्डला मॅक्समुल्लरांची गाठ पडली. या भेटीची आठवण मॅक्समुल्लरांनी पुढे लिहून ठेवली आहे. बायबलात वाचलेले जीवन ख्रिस्ती लोकांच्या या देशात घरोघरी दिसेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. लंडनच्या रस्त्यांवर त्यांना निराळेच चित्र दिसले आणि ते मनातून हादरले. पण त्यांनी एक फरक केला. अनुयायी खोटे निघाले म्हणून सिद्धांत खोटा ठरत नाही, हे न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. ते परत आले ते आपली श्रद्धा अधिक पक्क्या पायावर उभी करण्याच्या निश्चयाने.

१८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला. दोन वर्षांनी फिट्झ-एडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने तो इंग्रजीत आणला. हिंदू दर्शनांवर टीका करणारी पुस्तके मिशनऱ्यांनी ढिगाने लिहिली होती. त्यांतली बहुतेक वरवरची, काही शिवराळ. हा ग्रंथ वेगळा होता, कारण लेखकाने ही दर्शने मूळ संस्कृतातून गुरुजवळ बसून अभ्यासली होती. त्यांचे मुद्दे थोडक्यात असे: सांख्यांची प्रकृती जड आहे, मग जड वस्तू पुरुषाच्या हेतूसाठी झटते कशी? नैयायिकांचे परमाणू आणि जीवात्मे ईश्वराइतकेच अनादि. मग तो ईश्वर कुंभारासारखा, असलेल्या मातीला आकार देणारा. खरा निर्माता तो नव्हे. मीमांसकांच्या कर्माला फळ देणारा कोणी दाताच नाही. वेदान्ताशी त्यांनी सर्वांत जास्त झुंज घेतली. ब्रह्म निर्गुण असेल, त्याला जाणणे नाही, इच्छा नाही, प्रेम नाही, तर भक्ताने हाक कोणाला मारायची? जग व्यवहारापुरते खरे आणि परमार्थाने खोटे म्हणायचे, तर श्रुती आणि तिच्यापासून होणारे ज्ञानही त्याच खोट्या जगातले. मग खोट्याने खोटे जाणार कसे? याउलट, ज्याने शून्यातून सर्व निर्माण केले, ज्याच्यावर प्रत्येक कण अवलंबून आहे आणि जो जिवावर प्रेम करतो, असा ईश्वर बुद्धीलाही पटतो, अशी त्यांची मांडणी होती.

वेदान्ती यावर निरुत्तर होतात असे कोणी समजू नये. स्वप्नातला वाघ खोटाच असतो, पण त्याच्या भीतीने येणारी जाग खरी असते, हे त्यांचे जुने उत्तर आहे. गोऱ्यांनी अद्वैताकडे नैयायिकाच्या चष्म्यातून पाहिले, असाही आक्षेप घेता येतो आणि तो वाजवी आहे. पण त्यात एक गंमत आहे. ख्रिस्ती धर्माचे मंडन करताना या माणसाने वापरलेली हत्यारे सगळी काशीची होती. प्रमाण, हेतू, दोष, पूर्वपक्ष, हीच त्यांची परिभाषा. धर्म बदलला, पण विचार करण्याची रीत बदलली नाही.

पुढचा सामना ब्राह्मो समाजाशी झाला. १८६७ मध्ये त्यांनी ब्राह्मोंना उद्देशून एक पत्रवजा पुस्तक लिहिले. एकच निराकार, दयाळू, पित्यासमान ईश्वर आम्हाला अंतःप्रेरणेने कळतो, ग्रंथाची गरज नाही, असे ब्राह्मो म्हणत. गोऱ्यांनी विचारले, हीच अंतःप्रेरणा तुमच्या पूर्वजांना हजारो वर्षे अशी का झाली नाही? ही कल्पना तुम्ही ख्रिस्ती शिकवणुकीतून घेतली आहे, आणि उसनवारी मात्र नावावर लिहायला तयार नाही. माझी हयात बँकेच्या खतावण्यांत गेली, त्यामुळे हा मुद्दा मला विशेष ध्यानात राहिला. जमेची बाजू दाखवायची आणि नावेची झाकायची, हे कोणत्याच हिशेबात चालत नाही.

पण स्वतःच्या खतावणीतही एक जुनी नोंद उभी होती. न संपणाऱ्या नरकाचा आक्षेप त्यांनीच विशीत घेतला होता. १८६८ मध्ये त्याच सिद्धांताच्या समर्थनार्थ त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी ते अँग्लिकन चर्चमध्ये डीकन झाले आणि १८७० मध्ये धर्मगुरू. ज्या प्रश्नाने एकेकाळी त्यांनी दुसऱ्याला अडवले, त्याच प्रश्नाशी ते तेवीस वर्षांनी पुन्हा समोरासमोर बसले. ते समर्थन मला स्वतःला पटत नाही. तरुण नीलकंठाचा आक्षेप मला अजून बिनतोड वाटतो. तरीही अडचणीचा प्रश्न सतरंजीखाली न सारणारा माणूस आदराला पात्र ठरतो.

शंकेने त्यांची पाठ कधीच सोडली नाही. इतरांच्या शंका फेडणारा हा विद्वान रात्र रात्र स्वतःच्या शंकांनी तळमळे. बुद्धी दारापर्यंत नेते, आत जायचे ते श्रद्धेने, ही त्यांची अखेरची भूमिका. शास्त्रतत्त्वविनिर्णयातले बुद्धीच्या मर्यादेचे ते वाक्य असे नव्या देवाच्या दारात उभे राहिले. १८७६ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त धर्मगुरूंच्या संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. पण आजन्म व्रताची शपथ घेण्याची आपली लायकी आहे का, या विचाराने ती शपथ त्यांनी कधी घेतली नाही. शेवटपर्यंत ते उमेदवारच राहिले.

महाराष्ट्राशी त्यांचा सर्वांत मोठा संबंध आला तो पंडिता रमाबाईंमुळे. १८८२ मध्ये रमाबाई पुण्यात होत्या. तिथे त्यांची आणि गोऱ्यांची भेट झाली. दोघेही चित्पावन, दोघेही संस्कृतात मुरलेले, दोघेही आप्तांना पारखे झालेले. पुढच्या वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांना गोऱ्यांचे विस्तृत लेखन पोचले. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला प्रमाण काय, असा त्याचा विषय होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात फादर गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. पण तर्काने पटवलेली माणसे पटवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी चर्चच्या सिद्धांतांवर असे प्रश्न विचारायला सुरुवात केली, की वाँटेजच्या धर्मभगिनी हैराण झाल्या. जो सांगितलेले मुकाट मानतो तो शिष्य रमाबाईंच्या रूपाने गोऱ्यांना मिळणे शक्यच नव्हते, आणि तरुण नीलकंठालाही तो भूमिका कधी जमली नसती.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर गोरे वारले. वय सत्तर. मिशनऱ्यांनी त्यांना आपल्या विजयाची खूण मानले आणि स्वकीयांनी धर्म बुडवणारा म्हणून विसरून टाकले. दोन्ही बाजूंनी त्यांचे निम्मेच आयुष्य वाचले. ग्रंथालयांतून मात्र शास्त्रतत्त्वविनिर्णय आणि षड्दर्शनदर्पण हे दोन्ही ग्रंथ अजून आहेत. धर्माच्या प्रश्नावर घरात आवाज चढू लागला, की ते दोन्ही एकापाठोपाठ वाचावेत. पहिल्याने ख्रिस्ती माणसाला उत्तर शोधावे लागेल, दुसऱ्याने हिंदूला. आणि दोघांनाही ते शोधण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आधी नीट ऐकून घ्यावे लागेल.